चौथ्या मजल्याचं भुईभाडं

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचा एक कायदा या घरात अजून बिनतक्रार चालत होता. दारात मागणारा उभा राहता कामा नये. आधी द्यायचं, मग भांडायचं.

हा कायदा आला कुठून ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर कुणी बोलत नसे. छत्र्यांचं दुकान बुडालं त्या साली एक वसुलीवाला जिन्यात उभा राहून बाबांच्या नावाने ओरडत राहिला. वरच्या-खालच्या सगळ्या बिऱ्हाडांची दारं उघडली, जे उघडायला हवं होतं तेवढंच उघडलं नाही. बाबा आतून कडी लावून पोरांना जवळ घेऊन बसले होते. पुढे पै न् पै फिटली, पण जिन्यात त्यांनी पुन्हा कुणाच्या नजरेला नजर दिली नाही.

त्या जिन्याने तिन्ही पोरांना जन्माचं वळण लावलं. दादा लाइटचं बिल आधी भरायचा आणि मग वाचायचा. धाकट्याने एकदा भलत्याच गाडीचा दंड भरला होता. चूक कळल्यावर तो परत मागायलाही गेला नाही. ताई हॉस्पिटलच्या लाँड्रीत मुकादम होती, तेव्हा हरवलेल्या चादरी ती स्वतःच्या पगारातून भरून द्यायची आणि मग आठवडाभराने त्या कुठल्या तरी वॉर्डात सापडायच्या. लोक म्हणायचे, काय सरळमार्गी माणसं आहेत! त्यात सरळपणा किती आणि भीती किती, हे बघायला कुणी आत शिरलं नव्हतं.

म्हणून ताईच्या फ्लॅटखालची जमीन जिच्या मालकीची होती त्या संस्थेचा माणूस थकलेलं भुईभाडं मागायला आला तेव्हा घरात एकट्या असलेल्या आईने त्याला आत बसवलं, पाणी दिलं, त्याने मागितलं ते साठवणीतून काढून दिलं आणि तो बोट ठेवेल तिथे सही केली, यात तिने जगावेगळं काही केलं नव्हतं. उलट संध्याकाळी सगळ्यांना तिने कौतुकाने सांगितलं, "भला माणूस होता हो. बूट बाहेर काढून आला. मी म्हटलं, घ्या बाबा, माझ्या लेकीच्या दारात नका जाऊ."

लेकीचं दार वाचवायला गेली आणि लेकीचं घरच हातातून निसटायची वेळ आली.

"पुन्हा एकदा सांग, वकीलबाई नक्की काय म्हणाल्या," ताई म्हणाली.

रविवारची दुपार होती. दादा आईबरोबर राहत होता त्या जुन्या घरात, जेवणाच्या टेबलाभोवती दादा, वहिनी, धाकटा आणि ती, अशी चौघं बसली होती. आई आतल्या खोलीत होती. खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं आणि चहा निवून त्यावर साय धरली होती.

"किती वेळा सांगू?" धाकटा म्हणाला. तो गाडी चालवायला शिकवायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबून दाबून त्याच्या बोलण्यालाही हिसके बसत. "केस आपल्या बाजूची होती. भुईभाडं दुप्पट करायच्या आधी संस्थेने लेखी कळवायला हवं होतं. मागच्या मालकाला नाही कळवलं, आपल्यालाही नाही. त्यामुळे ही सगळी थकबाकी हवेतली होती. बाई म्हणाल्या होत्या, फक्त काही भरू नका. भरलंत की मान्य केलंत. आणि आईने भरलं. वर सही केली, की थकबाकी मान्य आहे. आता सगळं भरा, नाही तर जमिनीचा करार रद्द आणि फ्लॅट संस्थेचा."

"पण आईची सही कशी चालते? फ्लॅट माझा आहे."

"तुझा आणि आईचा," दादाने आठवण करून दिली.

ते खरं होतं. निवृत्त होताना जी काही रक्कम ताईच्या हातात पडली ती सगळी तिने त्या फ्लॅटमध्ये घातली होती, आणि कमी पडलं तिथे आईने बांगड्या मोडल्या होत्या. घट्ट होतात मला, काढताना हात सोलतो, असं म्हणाली होती. म्हणून दोघींची नावं लागली. फ्लॅट भाड्याने द्यायचा, त्या भाड्यात ताईने हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत खोली घेऊन राहायचं आणि उरेल त्यात खायचं. लग्न न झालेल्या बहिणीला आता कुणी ठेवून घ्यायचं हा प्रश्न भावांच्या घरात कधी निघूच द्यायचा नाही, एवढंच तिला आयुष्याकडून हवं होतं. ती काही फार मोठी मागणी नव्हती, असं तिला अजूनही वाटत होतं.

"घेण्याआधी जमीन कुणाची ते विचारायला काय झालं होतं?" धाकट्याने मोर्चा दादाकडे वळवला. "तूच आणलंस ना हे स्थळ?"

दादा लिफ्टची दुरुस्ती करायचा. त्या इमारतीची लिफ्ट त्याच्याकडे होती. फ्लॅट विकायला निघालाय ही बातमी त्यानेच आणली होती.

"मी बिल्डिंग बघितली. लिफ्ट नंबर एक होती."

"लिफ्ट! लिफ्टमध्ये राहायचं होतं का ताईला?"

"अरे, चौथ्या मजल्यावरचं घर घेताना खालची जमीन कोण विचारतं?"

"तेच तर," वहिनी म्हणाल्या. "चौथ्या मजल्याला कसली आलीय भुई? हवेचं भाडं मागतील उद्या."

एरवी ताई हसली असती. वहिनींच्या तोंडाला धार होती, पण ती सगळ्यांनाच लागायची, त्यामुळे कुणी मनावर घ्यायचं नाही. आज मात्र ती मनातल्या मनात तारखा मोजत होती. उद्या सोमवार. उद्यापर्यंत संस्थेला उत्तर गेलं पाहिजे होतं, आणि सगळी थकबाकी भरायची म्हटली तर त्यासाठी तोच फ्लॅट विकावा लागला असता. असला झेंगटाचा फ्लॅट घेणार कोण, तर ती संस्थाच, मातीमोलाने.

"एक वाट आहे," दादा खाली बघत म्हणाला. "वकीलबाईंनीच सांगितली. सही करताना आईला कळत नव्हतं, असं डॉक्टरांनी लिहून दिलं तर ती सही रद्द ठरते. मी डॉक्टरांना बोलावलंय. येतीलच."

"काय कळत नव्हतं?"

"हेच. काय चाललंय ते. वयाप्रमाणे होतं की माणसाचं. भ्रम होतो, विसरायला होतं."

"आईला?" धाकटा उभाच राहिला. "अरे, परवा माझ्या लायसन्सची तारीख संपल्याची तिने आठवण करून दिली मला! तिला वेडी ठरवणार तू? लाज नाही वाटत?"

"वेडी नाही रे. नुसता एक कागद. घरातल्या घरात राहील. ताईचं घर वाचतंय ना?"

"ताईच्या नावावर काहीही खपवू नकोस."

ताईला त्या क्षणी धाकट्याचा फार आधार वाटला. लहानपणी जिन्यात अंधार असला की तो असाच तिचं बोट धरून पुढे व्हायचा, स्वतः घाबरलेला असूनही. तिने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

वहिनी मघापासून कपाच्या दांडीशी खेळत गप्प होत्या. वहिनी गप्प असणं हे या घरात धुराचा वास येण्यासारखं होतं.

"मी काय म्हणते," त्या हळूच नवऱ्याला म्हणाल्या, "दाखला आत्ताचा असला तरी लोक मागचं उकरतात. आजच कळेनासं झालं की आधीपासून कळत नव्हतं, असं कुणी विचारलं तर? बक्षीसपत्रावरही आईंचीच सही आहे."

त्यांनी ओठ मिटले, पण बाण सुटून गेला होता. दादाने डोळे मिटून घेतले.

"कसलं बक्षीसपत्र?" धाकट्याने विचारलं.

वहिनी कपात बघू लागल्या.

"दादा, कसलं बक्षीसपत्र?"

"या घराचं," दादा म्हणाला. "आईने माझ्या नावावर करून दिलं. तिच्याच मनाने. मी मागितलं नव्हतं. तिला सांभाळतो मी, दुखलं-खुपलं बघतो. सांगणारच होतो तुम्हाला."

"कधी? तेराव्याला?"

"तोंड सांभाळ!"

 घराचा वाटा ताईला नकोच होता, ते ती कधीच बोलून बसली होती. पण आई तिच्याशी सगळं बोलायची. दुधात पाणी किती आहे इथपासून मरणाच्या भीतीपर्यंत सगळं. एवढीच गोष्ट आईने पोटात ठेवली होती. आपल्याला का सांगितलं नाही, याचं तिला रडूच येत होतं, आणि रडायची वेळ ही नव्हती.

धाकटा खुर्चीत मागे रेलला. त्याचा आवाज आता एकदम शांत झाला. "बरोबर आहे दादा तुझं. आईला खरंच कळत नसणार. कळत असतं तर एका पोराला सगळं घर दिलं असतं का तिने? येऊ देत डॉक्टरांना. घेऊन टाकू सर्टिफिकेट."

"काही गरज नाही," दादा म्हणाला. "आईची विटंबना मला चालणार नाही. फोन करून सांगतो त्यांना, येऊ नका म्हणून."

"विटंबना? मघाशी नुसता एक कागद होता!"

"आणि मघाशी लाज कुणाला वाटत होती?"

दोघे भाऊ उठून जणू एकमेकांच्या खुर्चीत जाऊन बसले होते. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. वहिनी टेबलावरचे कप गोळा करू लागल्या, चहा कुणीच प्यायलेला नसताना.

"माझ्या फ्लॅटचं काय?" ताईने विचारलं.

तिघांनी तिच्याकडे पाहिलं, ती तिथेच आहे हे आत्ताच लक्षात आल्यासारखं.

"तेच तर चाललंय, ताई," धाकटा म्हणाला.

नव्हतं तेच चाललेलं. मघाचा आधार तिच्या पायाखालून निघून गेला होता, आणि ज्याचा राग यावा असा एकही माणूस तिला दिसेना. आई आतून सगळं ऐकत असणार, हेही तिला माहीत होतं. आईचे गुडघे गेले होते, दात गेले होते, कान मात्र अजून शेजारच्या घरातलं भांडण शब्दन् शब्द टिपत.

दादा फोन शोधेपर्यंत दारावरची घंटा वाजली. डॉक्टर आले होते.

डॉक्टर या घराला जुने होते. बाबांच्या शेवटच्या दिवसांतही तेच येत. त्यांनी बॅग खुर्चीवर ठेवली आणि चौघांचे चेहरे बघून चहा नको म्हणून आधीच सांगितलं.

आई स्वतःच बाहेर आली. एका हाताने भिंत धरून, दुसऱ्या हातात बटण लावायला घेतलेला दादाचा शर्ट. सुई अजून त्यातच टोचलेली होती. ती ताईच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

"काय आजी, कशा आहात?"

"बरी आहे. तुम्ही कोण?"

डॉक्टर जरासे थबकले. मग हसून म्हणाले, "मी डॉक्टर. आज घरात कोण कोण जमलंय, सांगा बघू मला."

आईने दादाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "हे लिफ्टवाले दिसतात. अहो, लिफ्ट बंद पडलीय का? मग मी वर कशी आले?"

दादाच्या चेहऱ्याचा रंग उडाला. वहिनींनी पदर तोंडाला लावला. आई धाकट्याकडे वळली. "आणि हा गाडी शिकायला आलेला मुलगा. त्याला म्हणावं, घाई करू नको. आपटशील."

"आणि या?" डॉक्टरांनी ताईकडे हात केला.

आईने मान वळवली नाही. शर्टाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"ही होय. ही लाँड्रीतली बाई. चादरी न्यायला आली असेल. हिचा हिशेब अगदी चोख असतो हो. एक चादर इकडची तिकडे होणार नाही."

डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं.

ताईलाही क्षणभर ते खरं वाटलं होतं, पण ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि तिला सगळं कळलं. आई हे वाक्य सगळ्या बिऱ्हाडांत सांगत फिरायची, तिला मुकादम केलं तेव्हा. शब्दन् शब्द तेच. तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं. बांगड्या घट्ट होतात म्हणतानाचा चेहरा होता तो. हट्टी, आणि डोळ्यांत पाणी तटवून धरलेला. आधी देऊन टाकायचं. आईकडे देण्यासारखं आता हेच उरलं होतं.

आणि ते घेतलं तर घर वाचत होतं. खोली वाचत होती. कुणाच्या दारात जावं लागणार नव्हतं. ताईने ते घ्यायचं ठरवलं, खरोखर ठरवलं, आणि ती गप्प बसून राहिली. डॉक्टर कागदावर तारीख घालत होते.

मग तिला वॉर्डातल्या म्हाताऱ्या आठवल्या. ज्यांच्या कागदावर 'समजत नाही' असं एकदा लिहिलं गेलं, त्यांच्या चादरींचा ढीग लाँड्रीत वेगळा टाकत. त्यांना कूस बदलायची का ते कुणी विचारत नसे. त्यांच्या अंगावरून हात घालून, त्यांच्या डोक्यावरून एकमेकींशी बोलत आया चादर ओढून घ्यायच्या. एक म्हातारी होती, ती प्रत्येक वेळी म्हणायची, "अगं, मी जागी आहे." तिच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. ताईलाही नव्हता. उद्यापासून या घरात आईने पाणी मागितलं तरी, मघाशीच तर प्यायली, असं म्हणायची सगळ्यांना मुभा मिळाली असती.

"डॉक्टर, लिहू नका," ताई म्हणाली.

"ताई!" धाकटा ओरडला.

"तिला सगळं कळतं. आम्हा सगळ्यांना ओळखते ती. सही केली तेव्हाही कळत होतं. आई, पुरे कर."

"तू गप्प बस गं!" आई तिच्यावर खेकसली. "तुला काय कळतंय? मी चांगली करत होते ना!"

 डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. बॅग उचलता उचलता त्यांनी आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आजी, फार दगदग करू नका." ते फी न घेताच निघाले. दादा बाबांच्या कायद्याला जागून त्यांच्यामागे जिन्यापर्यंत पाकीट घेऊन धावला.

पुढचं फार लांबलं नाही. धाकटा म्हणाला, तू आणि दादाने मिळून खाल्लंत, खा आता, मी मेलो तुम्हाला. ताईकडे न बघता त्याने चप्पल घातली. दार एवढ्या जोरात लागलं की भिंतीवरचं घड्याळ तिरकं झालं. दादा परत आला तेव्हा त्याचा श्वास मोकळा चालला होता. त्याने घड्याळ सरळ केलं.

"उद्या वकीलबाईंना सांगून टाकू," तो म्हणाला. "संस्थेलाच विकून मोकळं होऊ. तुझं बघू काहीतरी, ताई. अशी वाऱ्यावर थोडीच सोडणार?"

'काहीतरी' हा शब्द त्याने मनापासून वापरला होता. तो वाईट माणूस नव्हता, आणि हेच ताईला सगळ्यात जड जात होतं.

संध्याकाळी ती आईच्या खोलीत गेली. आई खाटेवर बसून बटण लावत होती. दिवा लावायचं कुणाला सुचलं नव्हतं. ताईने लावला.

"डोळे जातील, आई."

"जाऊ देत. काय राहिलंय बघायला?" आईने दोरा दाताने तोडायचा प्रयत्न केला, दात नाहीत हे आठवून ताईपुढे धरला. ताईने तोडून दिला. "दिलेलं परत केलंस तू मला. असं करतं का कुणी?"

"मला नको होतं ते."

"मग काय हवंय?"

ताईने दोऱ्याचं रीळ उचलून डबीत ठेवलं. मग तिने विचारलं, "घराचं मला का नाही बोललीस?"

"तुला फ्लॅट होता ना," आई म्हणाली. "तुझी काळजी मिटली होती. धाकट्याचा धंदा बरा चाललाय. याला म्हटलं देऊन टाकावं, मागायची वेळ येऊ नये त्याच्यावर." तिने शर्ट बाजूला ठेवला. "तो माणूस खरंच भला वाटला गं. बूट बाहेर काढले होते त्याने."

"हो. सांगितलंस तू."

"खोली कधी सोडायची तुला?"

"भाडं थांबलं की."

आई भिंतीच्या बाजूला सरकली. खाट एका माणसाची होती. तिने उशी अर्धी ताईच्या बाजूला ढकलली आणि चादर सारखी करता करता तिचा हात थांबला.

"ये म्हटलं असतं," ती म्हणाली. "पण आता घर त्यांचं आहे. मला नाही बाई असं परस्पर म्हणता येणार. वहिनीला विचारावं लागेल."

"विचारते."

"नीट विचार. ती दमलेली असेल."

ताई उठली. स्वयंपाकघरात नळ चालू होता आणि वहिनी पाठमोऱ्या उभ्या राहून कप विसळत होत्या. ताई आत गेली नाही. उंबऱ्याशी थांबली आणि नळ बंद व्हायची वाट बघू लागली. बऱ्याच वेळाने तो बंद झाला. वहिनींनी हात पुसत मागे वळून पाहिलं.

"अगं बाई, ताई! दारात का उभ्या? काही हवंय का?"